कुलपातलं प्रस्थान

शिबिर घेणाऱ्या सरांनी पांढऱ्या फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या वरच्या टोकाला ठिपका दिला आणि म्हणाले, "इथे तुम्ही आहात. साधी मुलगी, साधं गाव. आता सांगा, तुम्हाला कोणी अडवलं?"

मी म्हणाले, "कोणी नाही."

परीक्षेला पेन विसरून आलेल्या मुलीकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, कोणीतरी अडवतंच. त्याशिवाय प्रवास सुरूच होत नाही."

मी पौडला एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. कोळवण खोऱ्यातल्या आमच्या वाडीतली पदवी घेतलेली मी पहिली मुलगी, आणि ती पदवी किती जणांनी मिळून घेतली हे मला चांगलं माहीत आहे. खोऱ्यात शहरातल्या लोकांनी फार्महाउसं बांधली आहेत. त्यांतल्या काही मंडळींनी मिळून स्थानिक गुणी माणसांचे सत्कार करायचं ठरवलं होतं. निवृत्त झालेला एक फौजी, एक पैलवान आणि मी. तिघांची कहाणी स्टेजवरून सांगायची, आणि ती नीट रचून घ्यायला पुण्याहून हे सर आणले होते. स्वतःची गोष्ट कशी सांगावी हे लोकांना शिकवणं हा त्यांचा धंदा. कंपन्यांतली माणसं शनिवार-रविवार येतात, चटईवर मांडी घालून बसतात आणि आपण नायक कसे हे पैसे देऊन शिकून जातात. आम्हा तिघांना ते फुकट होतं.

ज्या पडवीत आम्ही बसलो होतो तिच्यासमोर पोहण्याचा तलाव होता. तिथं पूर्वी आमच्या वाडीतल्या काकीचं भाताचं खाचर होतं. हे मी सरांना सांगितलं नाही. त्यांनी त्याचंही काहीतरी केलं असतं.

सरांच्या मते जगातल्या साऱ्या कथा एकाच साच्यातून निघतात. नायक साध्या घरात असतो. त्याला दूरची हाक येते. तो कचरतो. मग उंबऱ्यावर कुणीतरी आडवं येतं, त्याला ओलांडून तो निघतो. आडवा येणारा जितका वाईट तितका नायक मोठा. "तुमच्या केसमध्ये तो कोण, ते आपल्याला शोधायचंय," असं म्हणून त्यांनी ठिपक्याच्या पुढे एक काळी फुली मारली. डॉक्टरला दुखरी जागा सापडत नाही आणि तो दाबत राहतो, तसं ते अर्धा तास मला दाबत होते.

शेवटी त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "चहाच्या टपरीवर कळलं मला. तुमच्या वडिलांनी जीप अडवली होती ना? रस्त्यात आडवे झाले होते?"

"बसले होते," मी म्हणाले.

सरांचे डोळे चमकले. त्यांनी काळ्या फुलीखाली लिहिलं: वडील.

मला कथांमधल्या या निघणाऱ्या नायकांचा लहानपणापासून राग आहे. आटपाट नगरातला राजपुत्र रुसतो आणि घोड्यावर बसून निघतो. घोड्याला चंदी कुणी घातली, खोगीर कुणी आवळलं, याची कथेला फिकीर नाही. राक्षस भेटेपर्यंत त्या राजपुत्राला भूक लागत नाही आणि परसाकडेही जावं लागत नाही. पुराणात बाळाला टोपलीत घालून नदीत सोडतात. बाळ तरंगत जातं आणि पुढे त्याचा मोठा वीर होतो. पाण्यात गळणार नाही अशी टोपली विणली कुणी? कुठल्या तरी बुरुडाने बोटं सोलून विणली असेल. त्याच्या टोपलीत बसून वीर पुराणात गेला आणि बुरूड नदीकाठीच राहिला. टीव्हीवरच्या मालिकांत बाई घर सोडून निघते तेव्हा बॅग दोन बोटांवर उचलते. त्या बॅगेत काही नसतं हे शेंबड्या पोरालाही दिसतं. घर सोडणाऱ्या बाईची बॅग अशी उचलता येत नाही.

पूर्वी हे गोष्टींपुरतं होतं, आता ते पोरांच्या तोंडात आलं आहे. आमच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा असते. गेल्या वर्षी एका मुलीने भाषणात दारुडा बाप उभा केला. बाप वह्या फाडतो, चुलीत घालतो, ती राखेतून अक्षरं वेचते. सभागृह रडलं. पहिला नंबर आला. तिचे वडील बाहेर रिक्षा घेऊन थांबले होते, मुलीची चप्पल तुटली म्हणून घरून दुसरी घेऊन आले होते. त्यांना मी आत बोलवत होते, तर म्हणाले, "नगं मॅडम, मी दिसलो की ती बुजंल." त्या मुलीला मी नंतर विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "मॅडम, साध्या बापावर नंबर येत नाही." परीक्षक म्हणून मीच बसले होते. ती खरं बोलत होती.

तर सरांना मी जीपची सगळी हकीकत सांगितली. ती अशी.

बारावीनंतर मला पुण्यात कॉलेज मिळालं आणि वसतिगृहही मिळालं. हजर व्हायचा दिवस नेमका अमावास्येचा आला. आईने ऐकताच हात झटकला. "अवसेला पोरगी घराभायेर काढायची न्हाई."

माझे वडील, आप्पा, म्हणाले, "मग कालेजवाल्यास्नी कळवू का, अवस हाय, जरा थांबा म्हनून?"

"कळवा की."

"त्येंच्याकडं बी अवसच आसंल, येडे."

यावर तोडगा निघाला तो प्रस्थानाचा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. निघायचा दिवस चांगला नसेल तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी माणसाऐवजी त्याचं सामान घराबाहेर काढतात आणि वाटेवरच्या एखाद्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे माणूस चांगल्या वेळेवर निघाला असं धरतात. मग तो पुढे अमावास्येला गेला तरी चालतं. ते सामान मात्र परत घरात आणायचं नाही. एरवी लोक एखादा कपडा, मूठभर तांदूळ आणि सुपारी एवढंच बांधून ठेवतात. आईने माझी सगळी बॅग भरली, आणि तिच्यात गुणपत्रिका आणि दाखलेही घातले.

आप्पा म्हणाले, "कागदं ऱ्हाऊ दे घरात."

"कागदंच तर चालल्यात कालेजात," आई म्हणाली. "पोरगी त्यांच्यामागनं जातीया."

बॅग ठेवायला काकीचं घर योग्य होतं, कारण ते वाडीच्या टोकाला, जीप थांबते तिथंच होतं. काकीने बॅग देवाखाली ठेवली, तिला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "बिनघोर ऱ्हा. मी काय बॅग घिऊन पळून जातीया व्हय?"

ती पळून गेली नाही. लावणीला गेली.

इथे आमच्या लोकांची दुसरी रीत आडवी आली. निघणाऱ्याला कुठं चाललीस, कधी चाललीस असं विचारायचं नाही. त्याला टोकणं म्हणतात. टोकलं की काम बिघडतं. म्हणून काकीने आईला विचारलं नाही, पोरगी किती वाजता निघणार. आणि तिने विचारलं नाही म्हणून आईनेही सांगितलं नाही. काकीच्या समजुतीने मी दुपारच्या जीपने जाणार होते. त्या दिवशी तिच्या खाचरात लावणी होती, वाडीतल्या बायका यायच्या होत्या. ती उजाडताच दाराला कुलूप घालून, किल्ली कमरेला खोचून ओढ्यापलीकडे गेली.

आम्ही सकाळच्या जीपला आलो. हात जोडून, देवाला सांगून, मागे न बघता आलो. काकीच्या दाराला कुलूप.

जीपच्या टपावर दुधाचे कॅन होते. मला मागच्या बाकावर दोन बायकांच्या मधे बसवलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा, चला आवरा. दूध हाय वर."

"थांब वाईच. पोरीची बॅग आत हाय."

"दुपारच्या गाडीनं धाडा मग तिला."

दुपारच्या जीपने गेले असते तर पुण्यात पोचेपर्यंत कचेरीची खिडकी बंद झाली असती, आणि जागा दुसऱ्या मुलीला गेली असती. तसं पत्रात लिहिलं होतं. पत्र बॅगेत होतं. आईने लुगड्याचा ओचा खोचला आणि ओढ्याकडे धावत सुटली. जमलेल्यांपैकी कुणीतरी दगड उचलून म्हणालं, कुलूप फोडू. आई लांबून, धावता धावताच, मागे वळून ओरडली, "कुलूप फोडायचं न्हाई! पोरगी निगताना फोडाफोड न्हाई!"

ड्रायव्हरने गाडी चालू केली. आप्पा पुढे जाऊन उभे राहिले. त्याने हॉर्न दाबून धरला. गाडी हातभर पुढे सरकली. आप्पा हातभर मागे सरकले आणि मग सरळ रस्त्यात खाली बसले. "घाल आता आंगावरनं," म्हणाले.

"आप्पा, सरा! दूध नासंल माजं!"

"नासू दे. दूध उद्या बी निगंल."

गाडीतले लोक ओरडत होते, बाहेरचे लोक ओरडत होते, आणि मी आत बसून मोठ्याने रडत होते, कारण माझे सगळे कागद कुलपात होते. नेमकी त्याच वेळी वरच्या वाडीची दुसरी जीप मागे येऊन थांबली. तिच्यातल्यांनी काय पाहिलं? पोरगी आत रडतेय, बाप गाडीपुढं बसलाय, "घाल आंगावरनं" म्हणतोय. आमच्या जीपला कडेने वळसा घालून ती पुढे निघून गेली आणि आमच्याआधी पौडला पोचली. बाजारात बातमी तयार होती: बाप पोरीला शिकायला जाऊ देईना, गाडीखाली झोपला.

काकी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाची. तिच्यामागे आई. काकीचं तोंड लांबूनच सुरू होतं. "तोंडात मूग धरलं हुतं का गं? सांगायचं की कवा जानार त्ये!"

"आन तू इचारायचं न्हाई व्हय?"

"जानाऱ्याला इचारत्यात व्हय? तुज्या म्हायेरी इचारत आसतील!"

माहेर निघालं म्हणजे भांडण चांगलं रंगलं असतं, पण ड्रायव्हरचा हात हॉर्नवरच होता. कुलूप निघालं, बॅग खिडकीतून माझ्या मांडीवर आली. काकीने आत हात घालून माझ्या गालावरून फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. आप्पा धोतर झटकत रस्त्यातून उठले. मला म्हणाले, "खिडकीपाशी बसू नगं, गार लागंल." बस्स. हे माझ्या वडिलांचं त्या दिवशीचं शेवटचं वाक्य. गालावरचा चिखल मला संध्याकाळी वसतिगृहाच्या आरशात दिसला. प्रवेशाच्या खिडकीवर मी तशीच उभी राहिले होते.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. एकदा हसलेसुद्धा. मग म्हणाले, "फार गोड आहे हे. पण हे कॉमेडी होतंय, मॅडम. असं करू, बॅग काढून टाकू आणि जीप ठेवू."

"बॅग काढली तर जीप का अडवली?"

"अडवली, एवढंच ठेवायचं. का अडवली ते प्रेक्षक आपलं आपण भरतो."

"प्रेक्षक काय भरेल?"

"जे नेहमी भरतो ते," सर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. आपला धंदा त्यांना पुरता कळलेला होता.

मग त्यांनी शेवट सांगितला. गोष्ट संपली की वडिलांना स्टेजवर बोलवायचं. दिवे मंद करायचे. मी माईक हातात घेऊन म्हणायचं, "आप्पा, मी तुम्हाला माफ केलं." ते रडतील. मग मी पाया पडायचं.

मी नाही म्हणाले. स्पष्ट म्हणाले. सर म्हणाले, "विचार करा," आणि फळ्याचा फोटो काढून घेतला.

पुढच्या रविवारी मी वाडीवर गेले तर आप्पा ओट्यावर बसून टोपीला नीळ देत होते. सर येऊन गेले होते. चहा पिऊन, चटणी-भाकरी खाऊन, आप्पांना त्यांचं काम समजावून गेले होते. पोरीचा मोठा मान आहे आणि तुमच्यावाचून तो पुरा होत नाही, असं सांगितलं होतं. असं सांगितल्यावर आप्पा विहिरीतही उतरले असते.

"म्या व्हय म्हनलं," आप्पा म्हणाले. "माजं काय जातंय? वर जायाचं, हुबं ऱ्हायाचं. तू काय म्हनशील त्ये ऐकायचं. मंग वाईच रडायचं. सत्कार तुजा हाय."

आप्पांनी टोपी पिळली, दोरीवर घातली, तिच्या कडा बोटांनी सरळ केल्या आणि मग खरोखरच न कळून विचारलं, "पर बाय, मला माफ कशाबद्दल करायचं हाय?"

ते तक्रार करत नव्हते. त्यांना आठवत नव्हतं, म्हणून विचारत होते. आपल्या हातून काही झालं असेल आणि ते मुलीने इतकी वर्षं मनात ठेवलं असेल, अशी शंका त्यांच्या तोंडावर मी पाहिली. खोऱ्यातल्या अडीअडचणीला ज्याला आधी हाक मारतात तो हा माणूस. शहरातल्या पाहुण्यांपुढे, स्वतःच्या भावकीपुढे, त्याला खाली मान घालून उभं राहायचं होतं आणि न केलेल्या गुन्ह्याची माफी मुलीच्या हातून घ्यायची होती. का, तर वर्तुळात एका फुलीची जागा रिकामी होती.

आई आतून बाहेर आली. "त्यो हितं भाकर खाऊन गेला आन ह्येंच्यावरच उलाटला. ह्यांनी जीप धरली म्हनून ही गेली. न्हाईतर बसली आसती हितं श्यान लावत."

"मी जातच नाही कार्यक्रमाला," मी म्हणाले.

"जात न्हाई म्हंजी? न गेलीस तर त्येचंच खरं हुईल. जायाचं. जाऊन बोलायचं. एवढं पुण्याला धाडलं त्ये काय गप ऱ्हायला?"

सरांना मी फोन केला. ते म्हणाले, "बघू मॅडम, तुम्ही फक्त या. रिलॅक्स."

कार्यक्रम फार्महाउसच्या हिरवळीवर होता. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मागे सतरंजीवर गाव. फौजीची गोष्ट झाली. त्याला म्हणे लहानपणी कुणीतरी भित्रा म्हणालं होतं. पैलवानाची झाली, त्याला म्हणे मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं होतं. तो पैलवान माझ्या शेजारी बसला होता, हळूच म्हणाला, "ताई, मास्तर आमचा चुलता हाय. आता घरी काय सांगू?"

मग माझी पाळी. पडद्यावर चित्रफीत लागली. करड्या रंगाची जीप. सारंगी. रस्त्यात एक माणूस उभा, हातात काठी, भरघोस मिशी. आप्पांना जन्मात मिशी नव्हती. "पाऊल पुढे टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील!" असं तो माणूस नागपूरकडच्या हेलात ओरडला. खुर्च्यांवर हळहळ झाली. मागे सतरंजीवरून कुणीतरी विचारलं, "आरं, ह्यो कोन?"

"आप्पा हाय म्हनं."

"हॅट!"

दिवे मंद झाले. सरांनी गहिवरल्या आवाजात आप्पांना बोलावलं. आप्पा नीळ दिलेली कडक टोपी घालून पायऱ्या चढून आले आणि दिव्याच्या गोलात, दाखवलेल्या जागी, हात जोडून उभे राहिले. सरांनी माईक माझ्या हातात दिला आणि मान हलवून खूण केली.

मी म्हणाले, "आप्पांनी जीप अडवली हे खरं आहे. माझी बॅग काकीच्या घरात कुलपात होती. प्रस्थान ठेवलं होतं."

एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य मी तयार करून आणलं होतं, चांगलं होतं, पण ते बोलायची वेळच आली नाही. मागून काकी उठली. "आगं मंग माजं नाव घिऊन कुलपाचं कशाला सांगतीस? तुज्या आयशीनं येळ सांगितली न्हाई!"

आई बायकांत बसली होती. तीही उठली. "आन तू इचारली का?"

"जानाऱ्याला टोकत्यात का?"

सतरंजीवर हशा फुटला. जीपचा ड्रायव्हर, आता म्हातारा, कडेला उभा होता. तो ओरडला, "माज्या दुधाचं कोन बोलंना! चार कॅन नासलं हुतं!"

"पानी घातल्यालं दूध नासतंय व्हय रं?" कुणीतरी म्हणालं.

मग आवरायलाच नको. दगड कुणी उचलला होता यावर दोघांचं जुंपलं. दोघेही म्हणत होते, मी. आई किती जोरात धावली हे एकाने सांगितलं. काकीच्या हातातून भातरोपांची जुडी घेऊन ती लावणी आपण पुरी केली, हे दुसरीने सांगितलं. ती त्या दिवशी लावायला आलीच नव्हती म्हणून तिसरीने तिला खोडलं. मला त्या दिवशी इतकी माणसं घालवायला आली होती हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. पुढच्या खुर्च्या वळून मागे बघत होत्या. त्यांना बोली कळत नव्हती, पण आपण पाहिलेल्या चित्रफितीचं काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. सर हसऱ्या चेहऱ्याने माईकसाठी हात पुढे करत होते. "खूप सुंदर, खूप ऑथेंटिक," असं म्हणत होते.

आप्पा अजून दिव्याच्या गोलात उभे होते. त्यांना दिलेलं काम राहून गेलं होतं. ते सरांकडे झुकले आणि माईक माझ्या हातात चालू आहे हे न बघता त्यांनी विचारलं, "सायेब, आता रडायचं का न्हाई?"

त्यानंतर गाव जे हसलं तसं मी पुन्हा ऐकलेलं नाही. आप्पाही हसले. इतके हसले की टोपी काढून तिनेच त्यांनी डोळे पुसले.

चार दिवसांनी चित्रफीत सगळ्यांच्या मोबाईलवर आली. काठीवाला मिशाळ बाप होता. जीप होती. सारंगी होती. काकी नव्हती, आई नव्हती, माझा आवाज नव्हता. शेवटी आप्पा होते, टोपीने डोळे पुसणारे, आणि खाली अक्षरं: एका बापाचा पश्चात्ताप. पुण्यातल्या माझ्या जुन्या मैत्रिणींनी रडणारे चेहरे पाठवले. पौडच्या बाजारात एका अनोळखी बाईने आप्पांना थांबवलं आणि म्हणाली, "काका, उशिरा का होईना, सुधारलात."

आप्पा म्हणाले, "व्हय," आणि भाजी घेऊन आले.

मी सरांना फोन केला, ओरडले, फीत काढून टाका म्हणाले. ते म्हणाले, "मॅडम, लोकांच्या हृदयाला भिडलीय ती." त्या हृदयांबद्दल माझं काय मत झालं ते इथे लिहीत नाही. वर्गात शिकवायचं असतं मला.

यंदा काकीची नात नर्सिंगला पुण्याला निघाली. हजर व्हायच्या दिवशी पुन्हा काहीतरी वाईट योग आला, प्रस्थान ठेवायचं ठरलं. रस्ता रुंद झाल्यापासून गाडी आमच्या दारासमोर थांबते, म्हणून काकी नातीची बॅग घेऊन आमच्याकडे आली. कागदही आत घातलेत का, असं आईने विचारलं. घातले होते.

आप्पांनी बॅग देवाखाली ठेवली. दाराचं कुलूप काढून आईच्या हातात दिलं, म्हणाले, "ह्ये लपीव कुटंतरी." आणि ओट्यावर घोंगडं टाकून बसले. ना खाचराकडे गेले, ना देवळात. मी रविवारी गेले तेव्हाही तिथंच होते, आणि मुलगी कधी निघणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

मी असतानाच त्यांचा मोबाईल वाजला. सर होते. पुण्यात मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला होता, बदललेला बाप म्हणून आप्पांनी स्टेजवर यावं, न्यायला गाडी पाठवू, शाल देऊ, लोक वाट बघतायत. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"न्हाई सायेब, जमायचं न्हाई," ते म्हणाले. "हितं पोरीची बॅग हाय. मला घर सोडता येत न्हाई."

पलीकडून सरांनी काहीतरी विचारलं.

"न्हाई, माजी पोरगी न्हाई," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवून पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.